चौथा पाइप : घरचा पोहण्याचा तलाव हिवाळ्याआधी बंद करताना

पार्श्वभूमी

एका दांपत्याने उन्हाळा संपता संपता घर घेतलं आणि घराबरोबर पोहण्याचा तलावही पदरात पडला. जिथे हिवाळ्यात पारा कित्येक आठवडे शून्याखाली असतो अशा भागातलं हे घर. ओळख पटू नये म्हणून नाव-गाव काढून टाकलं आहे. दांपत्याला इथे बाई आणि यजमान एवढंच म्हणू. बाईंनी पहिल्या दिवसापासून एका वहीत नोंदी ठेवल्या होत्या. पुढचे आकडे आणि क्रम त्या वहीतले, मतं मात्र माझी.

तलाव जमिनीत बांधलेला, काँक्रीटचा. आतून पांढऱ्या सिमेंटचा गिलावा, पाण्याच्या रेषेवर टाइल्सची पट्टी. लांबी ९ मीटर, रुंदी ४.५ मीटर, सरासरी खोली १.५ मीटर. म्हणजे पाणी साधारण ६० हजार लिटर. मागच्या अंगाला, शेडखाली, पंप, वाळूचा फिल्टर, गॅसवरचा हीटर आणि मिठापासून क्लोरिन तयार करणारा सेल. एका बाजूला दगडी भिंत रचलेली, शोभेची.

आधीचे मालक दरवर्षी हिवाळ्यापुरता तलाव बंद करून घेत असत, म्हणजे पाइप आणि यंत्रणेतलं पाणी काढून वर झाकण टाकून घेत असत, इतकंच कळलं. कोण करायचं, कसं करायचं, याचा एकही कागद मिळाला नाही. पंपाकडे येणारे तीन पाइप होते आणि यंत्रणेतून तलावाकडे परत जाणारे चार. कुठला कुठे जातो याची चिठ्ठी एकावरही नव्हती.

अडचण

गोठताना पाण्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं. नवख्या मालकाला त्यामुळे सगळ्यात आधी भीती वाटते ती तलाव फुटण्याची. खरं तर उघड्या तलावातलं पाणी बरंच सोशिक असतं. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असल्याने ते तळाशी बसतं, त्याहून थंड पाणी वर राहतं आणि बर्फ वरून खाली धरत जातो. वर मोकळी हवा, खाली पाणी. काठावर आणि टाइल्सवर दाब येतो, पण सहसा भिंत फुटण्याइतका नाही.

नुकसान होतं ते कोंडलेल्या पाण्याचं. पंपाच्या पोटात उरलेलं पेलाभर पाणी, हीटरच्या तांब्याच्या नळ्यांमध्ये अडकलेलं पाणी, फिल्टरच्या व्हॉल्वमधलं पाणी, आणि जमिनीतून वर येऊन भिंतीत किंवा शेडखाली शिरणाऱ्या पाइपांमधलं पाणी. जमीन जितकी खोल गोठते त्याखालून जाणारा पाइप सुरक्षित असतो, पण तोच पाइप दोन्ही टोकांना वर येतोच. आणखी एक गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली. पाइप बहुतेकदा जिथे बर्फ धरतो तिथे फुटत नाही. बर्फाचा गोळा वाढत जाऊन पुढचं पाणी बंद टोकाकडे रेटतो. त्या कोंडलेल्या पाण्याचा दाब चढत जातो आणि मधला कमजोर सांधा तडकतो.

या घरात त्यावर तीन अडचणींची भर होती. पाइपांचा नकाशा नव्हता. तलाव सखल जागेत होता आणि जोराच्या पावसानंतर अंगणात पाणी साचत असे, म्हणजे जमिनीखालचं पाणी वर असणार. आणि घरात चालायला लागलेलं मूल होतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय यजमानांचा. तलाव बंदच करायचा नाही, पंप हिवाळाभर चालू ठेवायचा. वाहतं पाणी सहजी गोठत नाही, हे खरंच. जिथे पारा एखाद-दुसऱ्या रात्री शून्याखाली जातो तिथे बरेच लोक असंच करतात. हवा ३-४ अंशांवर आली की पंप आपोआप सुरू करणारं उपकरणही मिळतं. पण सगळी भिस्त विजेवर. कडाक्याच्या थंडीत वीज गेली आणि काही तास आली नाही, तर सगळी यंत्रणा पाण्याने भरलेली असतानाच गोठणार. या हवामानात हा पर्याय टिकणारा नव्हता आणि बाईंनी तो लगेच खोडला.

दुसरा, तलाव पूर्ण रिकामा करण्याचा. ऐकायला सरळ वाटतो आणि म्हणूनच धोक्याचा आहे. आतलं ६० टन पाणी तलावाच्या कवचाला जमिनीत दाबून धरत असतं. ते काढलं आणि भोवतीच्या जमिनीत पाणी चढलेलं असलं, तर आख्खं काँक्रीटचं कवच वर उचललं जाऊ शकतं. काही तलावांच्या तळाशी जमिनीतलं पाणी आत घेणारा सुटकेचा व्हॉल्व असतो. इथे तो आहे की नाही, असला तर चालतो की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. घराची सखल जागा पाहता हा पर्याय विचारातही घ्यायला नको होता, पण शेजारून दोनदा तोच सल्ला आला होता, म्हणून वहीत त्यावर एक पान खर्च झालं आहे.

तिसरा, सगळं काम तंत्रज्ञावर सोपवायचं. चौथा, सगळं स्वतः करायचं. शेवटी ठरलं ते या दोहोंमधलं : पाण्याची चाचणी, रसायनं, सफाई आणि पाइपांचा शोध घरच्यांनी करायचा, आणि पाइपांतलं पाणी काढण्यासाठी त्यांत हवा मारण्याच्या दिवशी तंत्रज्ञाला बोलवायचं. ही वाटणी मला शहाणपणाची वाटते. जे काम चुकलं तर दुरुस्त करता येतं ते घरी ठेवलं, जे चुकलं तर वसंतात जमीन खोदावी लागते ते जाणत्या हाती दिलं.

निर्णय १ : कधी बंद करायचं

झाडांची पानं गळायला लागली तेव्हा तलावाचं पाणी १९ अंशांवर होतं. यजमानांना त्याच शनिवारी झाकण टाकून मोकळं व्हायचं होतं. रोज जाळीने पानं काढून ते कंटाळले होते, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असंही नाही.

पण १९ अंशांच्या पाण्यात शेवाळ मजेत वाढतं. झाकणाखाली पाणी फिरत नाही, क्लोरिन काही दिवसांत संपतो, आणि मग जी हिरवाई चढते ती वसंतात झाकण उघडल्यावरच दिसते. पाणी साधारण १५ अंशांच्या खाली उतरेपर्यंत थांबणं बरं. बाईंनी वहीत १३ हा आकडा लिहून त्याभोवती गोल केला.

मधेच हवामान खात्याचा अंदाज आला : दोन रात्री उणे ४. पाणी तेव्हा १५.५ वर होतं. घाईने बंद करण्याची ही अगदी ठरलेली वेळ. त्यांनी घाई केली नाही. दोन्ही रात्री सगळे व्हॉल्व उघडे ठेवून पंप अखंड चालू ठेवला, आणि वीज गेली तर लगेच पंपाचे आणि हीटरचे बूच काढता यावेत म्हणून पाना आणि विजेरी शेडमध्ये ठेवली. यजमानांचा पहिला पर्याय असा दोन रात्रींपुरता कामी आला. वीज गेली नाही. पुढच्या आठवड्यात पाणी १२.५ वर उतरलं.

निर्णय २ : पाण्याचा हिशेब

थंडीच्या तोंडावर केलेल्या चाचणीत हे आकडे आले : पीएच ७.८, एकूण क्षारता (पीएच स्थिर ठेवणारी) ९० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत ९० भाग, कॅल्शियम हार्डनेस १८०, सायन्युरिक आम्ल (क्लोरिनला उन्हापासून वाचवणारं) ६०, मुक्त क्लोरिन (कामाचा) १, संयुक्त क्लोरिन (घाणीशी जोडला जाऊन जवळजवळ निकामी झालेला) ०.६. एकेक आकडा सुटा पाहिला तर पीएच आणि संयुक्त क्लोरिन जरा चढे, कॅल्शियम जरा कमी, बाकी ठीक. बहुतेक लोक इथे आम्ल घालून पीएच ७.४ वर आणतात आणि पुढे जातात.

गिलाव्याच्या तलावाला हे घातक ठरू शकतं. पाणी कॅल्शियमने तृप्त आहे की भुकेलेलं, हे लँगेलिअर निर्देशांकावरून कळतं. त्यात पीएच, क्षारता आणि कॅल्शियम यांच्याबरोबर तापमानही मोजलं जातं. पाणी थंड झालं की निर्देशांक खाली येतो. साधारण २९ अंशांवरून ३ अंशांवर आलं, तर फक्त थंडीमुळे ०.६ची घट. वरच्या आकड्यांनी उन्हाळ्यात हा निर्देशांक जवळजवळ शून्य येतो, म्हणजे पाणी समतोल. तेच पाणी हिवाळ्यात उणे ०.६ वर जातं. त्यात पीएच ७.४ केला की उणे १. असं पाणी चार-पाच महिने गिलाव्याला लागून उभं राहणार आणि त्यातलं कॅल्शियम ओढून घेणार. वसंतात भिंत हाताला खरखरीत लागते ती यामुळेच.

बाईंनी आम्ल फक्त पीएच ७.७ वर येण्यापुरतं घातलं आणि उरलेली तूट दुसऱ्या बाजूने भरली. ७७ टक्क्यांचं कॅल्शियम क्लोराइड सुमारे १५ किलो घालून हार्डनेस ३५० पर्यंत नेला, आणि खायचा सोडा ३ किलो घालून क्षारता १२०. हिवाळ्याच्या तापमानाला निर्देशांक उणे ०.२५ च्या आसपास आला. दोन्ही रसायनं वेगवेगळ्या दिवशी, पंप चालू असताना. एकदम घातली असती तर पाणी दुधट झालं असतं. कॅल्शियम क्लोराइड विरघळताना चांगलंच तापतं, म्हणून बादलीत आधी पाणी आणि मग हळूहळू पूड, उलट नाही.

क्लोरिनसाठी मिठाच्या सेलचा उपयोग नव्हता. इतक्या थंड पाण्यात तो क्लोरिन बनवणं थांबवतो. १२.५ टक्क्यांचा द्रव क्लोरिन साडेचार लिटरच्या आसपास घालून मुक्त क्लोरिन १० पीपीएमपर्यंत चढवला. त्याच संध्याकाळी शेवाळनाशकही ओतून टाकावं, असं यजमानांचं म्हणणं. पण तेज क्लोरिन पॉलिक्वॅट जातीचं शेवाळनाशक खाऊन टाकतो, म्हणजे दोन्ही फुकट. क्लोरिन ३ वर उतरेपर्यंत थांबले. थंड पाण्यात आणि कोवळ्या उन्हात त्याला पाच दिवस लागले. तांबं असलेलं शेवाळनाशक त्यांनी टाळलं, पांढऱ्या गिलाव्यावर डाग नको म्हणून.

तरंगत्या डबीत क्लोरिनच्या वड्या घालून ती हिवाळाभर सोडून द्यावी, अशीही एक पद्धत आहे. डबी हमखास एका कोपऱ्यात किंवा पायरीवर जाऊन बसते आणि तिथला गिलावा खाते. यावर फार वेळ घालवला गेला नाही, ते बरंच झालं.

निर्णय ३ : पाइपांचा शोध

या प्रकरणाचा गाभा हा. तंत्रज्ञ येण्याआधी कुठला पाइप कुठे जातो हे कळायला हवं होतं, नाहीतर त्याचा अर्धा दिवस तर्क करण्यात गेला असता. बाई शेडमध्ये, यजमान काठावर. एकेक व्हॉल्व उघडायचा, बाकीचे बंद, आणि तलावात कुठे खेच आहे किंवा कुठून झोत येतो ते हाताने पाहायचं. पंप कोरडा पडू नये म्हणून शोषणाच्या बाजूला आधी नवा व्हॉल्व उघडायचा आणि मगच जुना बंद करायचा. सापडलं की पाइपवर चिकटपट्टी आणि त्यावर नाव.

पंपाकडे येणारे तीन चटकन लागले : दोन स्किमर (वरचं पाणी आणि कचरा ओढणारी भिंतीतली तोंडं) आणि तळाची जाळी. परत जाणाऱ्या चारपैकी दोन बाजूच्या भिंतींतल्या रिटर्नकडे (गाळलेलं पाणी तलावात सोडणाऱ्या तोंडांकडे), तिसरा पायऱ्यांजवळच्या रिटर्नकडे. चौथ्याचा व्हॉल्व अतिशय जड होता. उघडल्यावर पंपाचा आवाज किंचित बदलला, पण तलावात कुठेही झोत दिसला नाही.

दगडी भिंतीच्या वरच्या भागात, वेलीआड, पितळी चोच सापडली. पूर्वी तिथून छोटा धबधबा पडत असणार. चोचीत माती आणि चुना इतका घट्ट बसला होता की सळई दोन बोटांपलीकडे जाईना. म्हणजे चौथा पाइप शेडपासून फरशीखालून भिंतीपर्यंत जात होता, वर चढत होता आणि टोकाला बुजलेला होता. त्यात पाणी होतं. किती आणि कुठपर्यंत, ते कळायला मार्ग नव्हता.

केलेली कृती : हवा मारण्याचा दिवस

आधी पाणी उतरवलं. गिलाव्याच्या तलावाला ते टाइल्सच्या खालच्या कडेच्या थोडं खाली आणणं पुरेसं, म्हणजे इथे स्किमरच्या तोंडाखाली १५ सेंटीमीटर. तंत्रज्ञ म्हणाला, "बाई, अजून हातभर उतरवा, म्हणजे वितळलेलं पाणी वर चढलं तरी काळजी नाही." बाईंनी नकार दिला, आणि तो योग्य होता. एक तर जमिनीतल्या पाण्याचा प्रश्न. दुसरं म्हणजे वर बर्फ साठला की ताणून बसवलेलं झाकण खाली झुकतं आणि तलावातल्या पाण्यावर टेकतं. पाणी फार खाली असेल तर टेकायला काहीच नसतं, आणि सगळा भार पट्ट्यांवर आणि काठातल्या खुंट्यांवर येतो.

यजमानांनी गॅरेजमधला कॉम्प्रेसर बाहेर काढून ठेवला होता. तंत्रज्ञाने तो बाजूला ठेवायला लावला. उंच दाबाची हवा फिल्टरच्या टाकीत कोंडली गेली तर झाकण तोफेसारखं उडू शकतं. या कामाला दाब कमी आणि हवा भरपूर देणारा ब्लोअर लागतो. फिल्टरवरचा, पाण्याची वाट बदलणारा मल्टिपोर्ट व्हॉल्व पुनर्प्रवाहावर ठेवला, म्हणजे हवा वाळूतून न जाता बाजूने निघेल, आणि फिल्टरचा खालचा बूच आधीच काढून टाकला.

क्रम असा होता. आधी स्किमर. हवा सोडली की आधी पाण्याचा लोंढा, मग फवारा, मग नुसतं धुकं येतं. धुकं आल्यावरही थोडा वेळ चालू ठेवून रबरी बूच घट्ट केले. दोन्ही स्किमरमध्ये पोकळ, दाबलं जाईल असं प्लॅस्टिकचं नळकांडं उभं केलं, म्हणजे आत पाणी येऊन गोठलं तर बर्फ स्किमरच्या भिंतीऐवजी त्याला चेपेल. मग तळाची जाळी. ती पाण्याखालीच असल्यामुळे तिला बूच लावता येत नाही. तळातून बुडबुडे जोरात यायला लागल्यावर, हवा चालू असतानाच शेडमधला व्हॉल्व बंद केला. पाइपात हवा अडकून राहते आणि पाणी वर चढू देत नाही. मग तिन्ही रिटर्न : ज्यातून बुडबुडे सगळ्यात जोरात त्याला पाण्याखाली हात घालून आधी बूच, की हवा पुढच्याकडे वळते. १० अंशांच्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालून ते काम यजमानांनी केलं आणि त्याबद्दल ते अजून बोलतात.

यंत्रणेत पंपाचे दोन्ही बूच, हीटरचे बूच, दाब मोजणारी तबकडी आणि मिठाचा सेल काढला. सगळे सुटे भाग पंपाच्या गाळणीच्या टोपलीत ठेवले. वसंतात हेच हरवतात. मल्टिपोर्टची मूठ दोन खाचांच्या मधे ठेवली, गॅस बंद, आणि पंपाची वीज मुख्य पेटीतून तोडली.

राहिला चौथा पाइप. हवा मारली तर आत गुडगुड झाली आणि थांबली. चोचीतून काही आलं नाही. तंत्रज्ञाने तीन वाटा सांगितल्या. फरशी उचलून पाइप कापायचा. किंवा शेडजवळच्या जोडातून गोठणविरोधी द्रव ओतायचा. किंवा देवावर हवाला. दिवस मावळत होता, पुढच्या दिवशी पाऊस सांगितला होता. त्यांनी द्रव निवडला, गाडीतला विषारी इथिलीन ग्लायकॉल नव्हे, तलावाला चालणारा प्रॉपिलीन ग्लायकॉल. जोड उघडून चार लिटरच्या आसपास आत गेला, मग पाइप घेईना. जोड आवळला आणि जड व्हॉल्व जोर लावून बंद केला.

झाकण

काठात खुंट्यांसाठी भोकं आधीपासून होती, त्यामुळे ताणून बसवायचं सुरक्षा झाकण घेणं सोपं होतं. प्रश्न फक्त जाळीचं की बंद कापडाचं. बंद कापड उजेड अडवतं, वसंतात पाणी स्वच्छ मिळतं, पण त्यावर पावसाचं डबकं साचतं. चालायला शिकलेल्या मुलासाठी झाकणावरचं वीतभर पाणीही जीवघेणं असतं. डबकं उपसणारा छोटा पंप मिळतो, पण तो बंद पडला आहे का हे रोज कोण पाहणार? जाळीतून पाणी खाली झिरपतं, वर काही साचत नाही. त्याची किंमत म्हणजे थोडा उजेड आत जातो आणि तलावाची पातळी चढत राहते.

त्यांनी जाळी घेतली. घरात मूल असताना मीही तेच सांगितलं असतं.

हिवाळ्यात

हिवाळा कडक गेला, सर्वांत खाली पारा उणे १७. मधल्या एका वितळीनंतर बाईंनी झाकणाची कड उचलून पाहिली तेव्हा पाणी स्किमरच्या तोंडापासून चार बोटंच खाली होतं. कडेची एक खुंटी सोडून छोटा पाणबुडा पंप आत सोडला आणि पातळी पुन्हा खाली आणली. हे झालं नसतं तर पुढच्या थंडीत स्किमरच्या तोंडात बर्फ धरला असता. बाकी काही करायचं नव्हतं. बर्फ फोडायचा मोह यजमानांना झाला, त्यांना अडवलं गेलं. घणाचा धक्का बर्फातून थेट भिंतीला पोचतो.

परिणाम

पाणी ११ अंशांवर असतानाच झाकण काढलं. उशीर केला असता तर जाळीखाली शेवाळाने जोर धरला असता. पाण्याला हिरवट झाक होती, पण तळ दिसत होता. क्लोरिन शून्य. हार्डनेस ३५० वरून २७० वर आणि सायन्युरिक आम्ल ६० वरून ४५ वर, दोन्ही पावसाच्या आणि वितळलेल्या पाण्यामुळे. गिलावा हाताला गुळगुळीत लागला. टाइल्सपैकी दोन तडकल्या होत्या, काठाच्या फरशीचा सांधा जिथे उघडा होता नेमक्या तिथे. पंप, हीटर, फिल्टर व्यवस्थित चालू झाले.

चौथा पाइप फुटला होता. व्हॉल्व उघडताच शेडमधल्या तबकडीवरचा दाब पडला आणि थोड्या वेळाने फरशीच्या कडेने पाणी पाझरायला लागलं. व्हॉल्व बंद केला, गळती थांबली, बाकीचा तलाव सुरळीत चालू राहिला. नंतर फरशी उचलली तेव्हा दगडी भिंतीच्या पायथ्याशी, जमिनीत एका हाताच्या खोलीवर, कोपऱ्याचा सांधा उभा चिरलेला होता.

काय झालं असावं याचा क्रम लावता येतो. पाइप आधीच पाण्याने भरलेला होता, त्यामुळे ओतलेला द्रव शेडकडच्या भागातच राहिला. दगडांमधून वर गेलेला भाग हवेत उघडा, तो आधी गोठला. तिथला बर्फ खाली सरकत पाणी रेटत आला, आणि दुसऱ्या टोकाला जोर लावून बंद केलेला व्हॉल्व होता. ज्या व्हॉल्वमुळे वसंतात उरलेला तलाव वाचला, त्याच व्हॉल्वने हिवाळ्यात त्या पाइपाला कोंडून मारलं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि म्हणून "व्हॉल्व बंद करायला नको होता" असं सरळ म्हणता येत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्या मते निर्णय चुकला तो द्रव ओतण्याआधी. द्रव तेव्हाच काम करतो जेव्हा पाइप आधी रिकामा असतो. पाण्यात मिसळला की त्याची ताकद उतरते, आणि डब्यावरचा मोठा उणे आकडा हा शुद्ध द्रवाचा असतो. तोही बहुतेक वेळा पाइप न फुटण्याचा, न गोठण्याचा नव्हे. शेडजवळचा जोड उघडलेलाच होता. तिथे ओलं शोषणारा व्हॅक्यूम लावून पाइपातलं पाणी उलट ओढून काढता आलं असतं. सगळं नसतं निघालं, पण पाण्याच्या सलग खांबात हवेची जागा झाली असती, आणि फुगणाऱ्या बर्फाला तेवढंच हवं असतं. त्यानंतर द्रव ओतला असता तर तो पुढेही पोचला असता.

व्हॉल्व बंदच ठेवायचा होता तर शेडकडचा जोड उघडा सोडायचा, म्हणजे दाबाला वाट मिळते. तंत्रज्ञाने हे सुचवलं नाही. संध्याकाळ झाली होती आणि त्याला अजून एक तलाव बंद करायचा होता, हेही खरं.

चोचीचा शोध हवा मारण्याच्या दिवसाच्या तीन आठवडे आधी लागला होता. तेव्हा ऊन होतं, जमीन कोरडी होती, आणि माती साफ करायला किंवा भिंतीच्या पायथ्याशी पाइप कापून बूच बसवायला वेळ होता. वहीत त्या तारखेला "चोच बुजलेली, नंतर पाहू" असं लिहिलं आहे. पाण्याच्या रसायनावर त्या तीन आठवड्यांत पाच पानं भरली. मोजता येणाऱ्या गोष्टीकडे लक्ष जास्त जातं, आणि इथे मोजता न येणारी गोष्टच महाग पडली.

काठाच्या सांध्याचं मात्र कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. पाणी उतरवल्यावर टाइल्सची पट्टी उघडी पडते, तेव्हा फरशी आणि काठ यांच्यामधली भेग नखाने तपासून भरून घेणं हे अर्ध्या तासाचं काम आहे.

चौथा पाइप आता शेडमध्येच कापून कायमचा बंद केला आहे. धबधबा परत हवा असेल तर नवा पाइप टाकायचा, तो चोचीपासून शेडपर्यंत उतार देऊन आणि सर्वांत खालच्या जागी निचऱ्याचा बूच ठेवून, असं ठरलंय. यजमानांना धबधबा हवा आहे, बाईंना नको. झाकणाबद्दल तंत्रज्ञ अजूनही बंद कापडाच्या बाजूचा आहे. वसंतातली हिरवट झाक त्याला पटलेली नाही, आणि मूल मोठं झालं की हा वाद पुन्हा निघेल.